दामूच्या घराच्या चार हद्दी

परवा आमच्या नातवानं नागपुरात फ्लॅट बुक केला. सोफ्यावर पडल्या पडल्या, मोबाईलवर! मी विचारलं, "अरे, जागा पाहिली का?" तर म्हणे, "आजोबा, फोटो पाह्यले नं." मला दामू गणवीरचं घर आठवलं आणि एकटाच हसत बसलो. सुनेनं दोनदा येऊन पाहिलं, सासऱ्याला काय झालं म्हणून.

असले किस्से कोणी जमवायला बसत नाही हो. शेतातून चाललं की धोतराला कुसळं चिकटतात, तसे ते चिकटतात. घरी येऊन झटकायला बसलं की कळतं, अरे बाप्पा, एवढे!

तर ऐका. सत्तावन्न-अठ्ठावन्न साल. मी, दामू आणि उईके, आम्ही तिघं वर्ध्याला मोजणीच्या ऑफिसात. मालगुजारी, म्हणजे जुनी जमीनदारी, जाऊन थोडीच वर्षं झाली होती आणि जिल्ह्यात जो तो "माझं मोजून द्या" म्हणत दारात उभा. मी आणि दामू मोजायचो, उईके साखळी धरायचा, आणि आमच्यावर गुलाबराव साहेब. आष्टीपासून हिंगणघाटापर्यंत आम्ही लोकांच्या हद्दी ठरवल्या, भावाभावांची भांडणं मिटवली. आणि तिघांपैकी एकाच्याही नावावर वीतभर जागा नव्हती!

* * *

मी आणि दामू एका खोलीत राहायचो. खोली माझ्या नावावर, कारण दामूला वर्ध्यात कोणी खोली देत नव्हतं. छप्पनच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन तो बौद्ध होऊन आला होता. पण घरमालकांच्या लेखी धर्म बदलला तरी आडनाव तेच! खोली पसंत, भाडं पसंत, "नाव काय म्हणाले?" इथपर्यंत गाडी यायची. मग कोणाच्या घरी अचानक पाहुणे यायचे, कोणाची भिंत पडायला व्हायची. म्हणून मी घरमालकिणीला ठोकून दिलं, "हा माझा मावसभाऊ."

दोन महिने बरे गेले. आणि एक दिवस खरी मावशी आली! तळेगावहून, संत्र्यांची टोपली घेऊन. मावशीला चार पोरी, पोरगा नाही. मी गेलतो बाजारात. परत येतो तर घरमालकीण मावशीसमोर फतकल मारून सांगतेय, "तुमचा दामू मोठा गुणाचा हो! पाणी भरते, झाडून काढते. असा पोरगा नशिबानं भेटते."

तेवढ्यात दामू बादली घेऊन आतून बाहेर आला. मावशीनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या थोबाडावरून तिला काय समजायचं ते समजलं. आणि दामूला म्हणते कशी,

"काऊन रे दाम्या, मायले पत्र टाकाले हात मोडले का तुहे?"

दामूनं बादली ठेवली आणि पायच धरले तिचे. जाताना मावशीनं गोड संत्री निवडून त्याच्यासाठी वेगळी काढली. सख्ख्या भाच्याला उरलेली आंबट!

* * *

पण मावसभाऊ होऊन माणूस किती दिवस राहणार? दामूचं लग्न झालेलं होतं. बायको शेवंता, माहेर केळझर. लग्नाला दीड वर्ष झालं तरी ती माहेरीच. भांडण नाही, तंटा नाही, फक्त एक अट. ती दामूनं एकदा चहा पिता पिता सांगितली. शेवंता त्याला म्हणाली होती,

"भाड्याच्या घरी लोक मले दारात उभं करून जात इचारतीन. मी नाई येत. आपलं घर घ्या. मंग माह्या दारात कोनी आलं तर मी इचारीन, कोन पायजे म्हनून."

ऐकून माझा चहा तसाच राहिला. त्याला मावसभाऊ करून ठेवण्यात मला माझी मोठी हुशारी वाटत होती ना! त्या दिवशी माझी मलाच लाज वाटली.

आता घर तर मिळेना. मग दामूनं काय करावं? घराचा प्लॅन काढला! माणूस मोजणीचा. स्केल लावून, टोकदार पेन्सिलीनं, एक नंबर प्लॅन. दर महिन्याला सायकल हाणत केळझरला जायचा आणि बायकोसमोर तो कागद पसरायचा. ती चुका काढायची. चूल दारासमोर आली म्हणून चूल कोपऱ्यात गेली. मग धूर घरात कोंडेल म्हणून खिडकी आली. मग खिडकीतून शेजारचं दिसेल म्हणून खिडकी सरकली. एकदा परत आला तो असा खुशीत, की मी म्हटलं, "पसंत पडलं वाटते!"

"हाव! आता फक्त ओसरी लहान आहे म्हनते. दोन हात वाढवतो."

"अबे, पण घर कुठाय?"

"थे पाहू," दामू पेन्सिलीला टोक करत म्हणाला. "आंधी ओसरी होऊ दे."

* * *

मग एक घर सापडलं. रेल्वेच्या पलीकडे, दारावर खडूनं लिहिलेलं, 'घर विकणे आहे.' दामू गेला, घर पाहिलं, आवडलं. मालकानं नाव विचारलं. नाव ऐकल्याबरोबर मालक म्हणतो, "अरे अरे, कालच गेलं हो ते!"

दामू म्हणाला, "दारावर तर लिहिलं आहे."

"थे पुसाचं राहून गेलं."

पंधरा दिवसांनी मी तिकडून चाललो होतो, तर अक्षरं जशीच्या तशी. उलट कोणी तरी वरून पुन्हा गिरवली होती! माझं डोकं फिरलं. म्हटलं, चला, आज याची मजा पाहू. कडी वाजवली आणि माझं नाव सांगितलं.

अहो, काय ते स्वागत! पाट, पाणी, पोहे! घर विकलेलं नव्हतंच. घराबरोबर मालक पाटा-वरवंटा देणार होता, विहिरीचा दोर-बादली देणार होता. माझं लग्न व्हायचं आहे हे कळल्यावर तर तो पुढे सरकून बसला आणि आत पाहून हाक मारली. परकर-पोलक्यातली एक मुलगी पोह्यांवर आणखी खोबरं घालून गेली. मालक म्हणतो, "पोरीले सैपाक चांगला येते. याच घरात राहीन, तिलेही करमन."

मी घाम पुसत खोलीवर आलो आणि दामूला सगळं सांगितलं. "दामू, तिथं मला घराबरोबर बायको मिळून राह्यली होती!"

दामू पोटभर हसला आणि म्हणाला, "पाय बरं नशीब! मले बायको आहे, घर नाई. तुले घरासंगं बायको. अन् आपन दोघंही ह्याच खोलीत!"

त्या घरावरची अक्षरं पुढे तीन वर्षं पुसायची राहून गेली होती, एवढंच सांगतो.

* * *

आता खिडकीचा किस्सा ऐका, तो ऑफिसात पुढे कित्येक वर्षं चालला. बाजाराच्या मागे दोन भावांची वाटणी झालेली. धाकटा आपला हिस्सा विकायला निघाला. माणूस भला, नाव ऐकून पाहुणे आले नाहीत, भिंत पडली नाही. आम्ही तिघं साखळी घेऊनच गेलो. पूर्व मोजली, पश्चिम मोजली, भिंतीची जाडी मोजली. कडी न् कडी जुळली! तासभर झाल्यावर दामू सहज म्हणाला, "दार कोणीकडून?"

"दार भावाले गेलं नं वाटनीत."

"मग तुम्हाला काय आलं?"

"मले खिडकी आली."

नऊ वर्षं तो गृहस्थ खिडकीतून जा-ये करत होता! बाहेर एक दगड, आत एक पाट. बायको खिडकीतून, पोरं खिडकीतून, ज्वारीचं पोतं खिडकीतून. आणि तोंडावर काही दुःख नाही. "एक डाव चोर आलता," तो आम्हाला कौतुकानं सांगू लागला, "दारच सापडलं नाई बिचाऱ्याले. निंगून गेला."

आणि आम्ही तीन मोजणीवाले! तासभर घराला प्रदक्षिणा घातल्या आणि दार नाही हे कोणाला दिसलं नाही. कारण दार मोजायचं नसतं.

दामू इतका टेकीला आला होता की खरंच खिडकीचं माप घेऊ लागला. मी कपाळावर हात मारला. उईके मात्र शांतपणे साखळी गुंडाळत म्हणाला, "दामूभाऊ, वहिनी आत येतीन खिडकीतून. पन पयल्या भांडनात रागारागानं बाहेर कोनीकडून जातीन?"

दामूनं माप घेणं थांबवलं.

* * *

शेवटी योग आला तो पिपरी मेघेत. तेव्हा ते खेडंच होतं, वर्ध्याहून सायकलवर जायचं. सोनबाजी नावाचा एकटा म्हातारा, लेकीकडे राहायला जायचं म्हणून घर विकायला काढलेलं. दामू आता पोळलेला. त्यानं पायरी चढायच्या आधीच सांगून टाकलं, "बाबा, मी गणवीर. बौद्ध. पाह्यजा बरं, मागून बोलू नका."

सोनबाजीनं विडी विझवली. "मंग? माह्या घराले जात नाई बाप्पा. गळती आहे."

दामूचे डोळे भरून आले. गळती ऐकून रडणारं गिऱ्हाईक सोनबाजीनंही पहिल्यांदाच पाहिलं असेल.

पण म्हाताऱ्याची एक अट होती. इसाराचे पैसे घेण्याआधी घेणारा घर सांभाळेल की नाही हे तो पाहणार. म्हणजे काय, तर आम्ही कवेलू फेरून द्यायचे. आमच्याकडे पावसाळ्याआधी छपरावरचे कवेलू, म्हणजे कौलं, सगळे खाली घ्यावे लागतात, फुटके टाकायचे, बाकीचे पुन्हा रचायचे. रविवारी आम्ही तिघं छपरावर! वर्ध्याचं मे महिन्यातलं ऊन, वर पापड ठेवला असता तर भाजून निघाला असता. सोनबाजी खाली छत्री धरून उभा. पण काम असं केलं म्हणता! दोरी लावून रांगा सरळ केल्या. एक कवेलू इकडचा तिकडे नाही. संध्याकाळी खाली उतरलो तेव्हा तळपायाची कातडी वरच राहिली होती.

सोनबाजीनं घराभोवती एक चक्कर मारली. मान वर करून खूप वेळ पाहिलं. मग म्हणाला,

"एवढं झ्याक घर मी कायले इकू?"

आणि आत जाऊन दार लावून घेतलं!

दामू आठ दिवस धड जेवला नाही. नवव्या दिवशी वळवाची एक सर येऊन गेली. दहाव्या दिवशी सकाळी सोनबाजी ऑफिसच्या दारात. अंगावरचं धोतर ओलं, डोक्यावर टोपलं. साऱ्या ऑफिसासमोर ओरडला, "दोन जागी गळे, तुमी अकरा जागी केलं! आता तुमीच राहा त्यात!"

झालं असं होतं की, कवेलू एकावर एक चढवायचे असतात. आम्ही ते एकमेकांना टेकवून रचले होते, कडेला कड. आयुष्य गेलं ना आमचं यातच! एकाची हद्द दुसऱ्यावर चढली की आम्ही साखळी काढलीच!

* * *

खरेदीखत लिहायला कचेरीसमोर लिंबाखाली बसलो. तिथला अर्जनवीस म्हणजे अर्ज-दस्त लिहून देणारा जुना माणूस, अक्षर मोत्यासारखं. समोरचा जे सांगेल ते लिहायचं, स्वतः डोकं चालवायचं नाही, हा त्याचा नेम. घराच्या चार हद्दी आल्या. सोनबाजी सांगत गेला. पूर्वेस रस्ता. दक्षिणेस नाला. उत्तरेस गावची विहीर.

"पश्चिमेस?"

सोनबाजीनं डोळे मिटून आपलं अंगण आठवलं. "तिकडं किसनाजीची म्हस."

अर्जनवीसानं मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'पश्चिमेस किसनाजी यांची म्हैस.'

साक्षीदार कोण? मी आणि उईके! दुसऱ्यांच्या दस्तातल्या चुका काढण्यात आमची जिंदगी गेलेली. पण दामू त्या वेळी क्षेत्रफळाचा गुणाकार तपासत होता, मी दामूचा गुणाकार तपासत होतो आणि उईके आम्हा दोघांसाठी भजी आणायला गेलता. तिघांनी सह्या ठोकल्या. दस्त पक्का झाला.

दामूनं त्याच दिवशी केळझरला पत्र टाकलं, 'घर झालं. बुधवारी येजो.' दुसऱ्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले. गुलाबराव साहेबांनी पेढा तोंडात टाकून कौतुकानं दस्त वाचायला घेतला. पेढा चघळत चघळत ते पश्चिमेला पोचले. पेढा थांबला.

"गणवीर," ते म्हणाले, "ही म्हैस किती वर्षांची आहे?"

* * *

आता शेवटचं ऐका, मग चहा सांगा.

पश्चिमेचा शेजारी किसनाजी. त्याला दामू शेजारी नको होता. का नको ते सांगायला नको. त्यानं सोनबाजीला आधीच बजावलं होतं, "दुसरा पाह्य." सोनबाजीनं ऐकलं नाही. मग दस्तातल्या म्हशीची गोष्ट त्याच्या कानावर गेली, आणि त्याला ब्रह्मानंद झाला! "कागदात माही म्हस लिहिली. म्हस जिथं बांधीन, हद्द तिथं."

रोज संध्याकाळी तो खुंटा उपटायचा आणि दामूच्या घराकडे हातभर सरकवून ठोकायचा. दामू रोज सकाळी मोजायचा आणि ऑफिसात येऊन सांगायचा, "आज हातभर गेलं." "आज दीड हात गेलं." पश्चिमेच्या त्या पट्ट्यातच शेवंताची चूल यायची होती, प्लॅनमध्ये हलवून हलवून जागेवर आलेली. मंगळवारपर्यंत म्हशीचं तोंड ओसरीला लागलं. वर किसनाजीनंच मोजणीचा अर्ज दिला, हद्द कायम करून मागितली! तारीख मिळाली बुधवारची. दामूचं तोंड पाहवत नव्हतं. घर गेलं तर गेलं, पण बायको दारातून परत जाईल, याचं त्याला भ्या होतं. मलाही रडू यायचं बाकी होतं.

बुधवारी गुलाबराव साहेब स्वतः आले. अर्धी पिपरी गोळा झाली. साहेबांनी चष्मा लावला, दस्त वाचला आणि मान वर केली. खुंटा होता, दावं होतं. म्हैस नव्हती.

"म्हैस कुठाय?"

किसनाजी जरा गडबडला. "चरायले गेली साहेब. सकाळीच दावं तोडून निंगाली. येईन आता."

साहेब कागदाचे पक्के. "खुंटा लिहिलेला नाही. म्हैस लिहिली आहे. हद्द परत येईपर्यंत बसा."

सगळे बसले. उन्हं वर चढली. आणि तेवढ्यात रस्त्यावरून शेवंता आली. डोक्यावर गाठोडं, काखेत पाण्याची पितळेची गुंडी. दारासमोर थांबली, आत पाय टाकला नाही. एवढी गर्दी पाहून तिनं दामूला एकच विचारलं,

"आपलं आहे का?"

"तीन बाजूंनी आहे," दामू म्हणाला.

"अन् चवथी?"

"चरायले गेली."

कोणी हसलं नाही. दामूनं खाली मान घालून सगळं सांगितलं. शेवंतानं ऐकून घेतलं. गाठोडं रस्त्यावरच ठेवलं आणि साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, म्हस कुठं बांधावी, हे लिहिलं आहे का कागदात?"

साहेबांनी दस्त पुन्हा वाचला. "नाही बाई."

"कोनं बांधावी, हे?"

"तेही नाही."

शेवंतानं पदर खोचला आणि नाल्याकडे चालू लागली. माहेरी चार म्हशी सांभाळलेली बाई! पाऊण तासानं आली ती म्हशीला शिंगाशी दोर लावून. खुंट्यापाशी आली, थांबली नाही. जुन्या खुंट्याच्या खड्ड्यापाशी आली, थांबली नाही. किसनाजीच्या अंगणात शिरली, तुळशीला वळसा घातला, आणि थेट त्याच्या दाराच्या चौकटीला म्हैस बांधून दोराला दोन गाठी मारल्या.

किसनाजी ओरडत धावला. "अवो बाई! अवो, माही म्हस आहे थे!"

"म्हस तुमचीच आहे भाऊ, मी कुठं नेऊन राह्यली?" शेवंता हात झटकत म्हणाली. "हद्द आमची आहे."

गुलाबराव साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. एकदा दस्ताकडे पाहिलं. एकदा म्हशीकडे पाहिलं.

"उईके," ते म्हणाले, "साखळी धर."